मॉन्स्टरची जोड कशी लावायची? एकदा मगरीनं जीव घेतला, एकदा मगरच फुकट गेली

विश्रामबाग_डीएम

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आमचा चार खेळाडूंचा ग्रुप आहे, डीएम मी, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर चालवणारा. वर्षभर झालं, दर रविवारी दुपारी गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी या फाशांवरच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ ची पुस्तकं वापरून. जग आमचं आम्हीच केलंय. कृष्णेसारखी एक नदी, काठची गावं, घाट, उसाचे फड. बर्फातले किल्ले आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढं येत नाहीत, नदी लगेच येते. म्हणून मॉन्स्टरही नदीतलेच घेतले, आणि तिथंच माझं गणित दोनदा चुकलं.

पहिला प्रसंग. सगळे दुसऱ्या लेव्हलला. रात्रीच्या वेळी उतारावरून नदी ओलांडायची, पाणी कमरेएवढं, पाण्यात तीन मगरी. पुस्तकात साध्या मगरीचा सीआर, म्हणजे ताकदीचा आकडा, अर्धा, आणि एक्सपी, म्हणजे तिला हरवल्याचे गुण, १००. तिघींचे ३००, तीन मॉन्स्टर म्हणून दुप्पट करायचे, झाले ६००. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांना ‘हार्ड’ची रेघ बरोबर ६०० वर येते. अवघड जाईल पण निभावेल, असं धरून मी निर्धास्त होतो.

माझी धाकटी मावसबहीण, आठवीतली, दुसऱ्यांदाच खेळायला आली होती. तिची जादूगार ‘निळाई’. तिच्या आकड्यांच्या कागदाच्या, म्हणजे शीटच्या, कोपऱ्यात तिनं रंगीत पेन्सिलीनं निळाईचं चित्र काढलं होतं, झग्याच्या काठाला बारीक मोर. निळाईचे एचपी, म्हणजे जीव, १२. पहिल्या मगरीनं चावा घेऊन धरली, दुसऱ्या मगरीनं चावून शून्यावर आणली, तिसरी बेशुद्ध पडलेल्या निळाईला चावली. बेशुद्ध माणसावर जवळून लागलेला वार क्रिटिकल, म्हणजे जबर, धरतात, म्हणजे डेथ सेव्हच्या दोन चुका एकदम, तीन झाल्या की मरण. पुढच्या राउंडला आणखी एक चावा, संपलं. पोरगी काही बोलली नाही. शीटची घडी केली आणि कंपासपेटीत ठेवून दिली.

दुसरा प्रसंग दोन महिन्यांनी. सगळे तिसऱ्या लेव्हलला, ती नवी जादूगार घेऊन आली. या वेळी एकच महाकाय मगर, सीआर ५, एक्सपी १८००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना ‘डेडली’ची रेघ १६००, म्हणजे ही त्याच्याही वर. मी आठवडाभर तयारी केली होती, घाटाचा नकाशा काढला होता. बहिणीनं घाटाच्या दोन खांबांमध्ये ‘वेब’ हा जाळ्याचा स्पेल टाकला, मगर अडकली. पहिला टर्न सुटायच्या धडपडीत गेला, सुटली नाही. दुसऱ्या टर्नला सुटली, पण अ‍ॅक्शन त्यातच संपली. तिसऱ्या राउंडला तिचा टर्न यायच्या आत ८५ एचपी साफ. एकदाही चावली नाही.

पुस्तक म्हणतं पहिली लढाई अवघड पण निभावणारी, दुसरी जिवावरची. टेबलवर नेमकं उलटं झालं. तुम्ही जोड कशी लावता? मला हे शिकायचंय, कारण पुढच्या वेळी त्या कंपासपेटीत दुसरं शीट जायला नको.

आकडेमोड

तुमची बेरीज बरोबर आहे, फक्त ती कशाची बेरीज आहे ते बघू.

सीआर ही कल्पना २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. अर्थ साधारण असा, की चार ताज्या दमाच्या खेळाडूंसमोर हा मॉन्स्टर उभा केला तर कोणत्या लेव्हलला झेपावा. मैदान कसलं, पाणी किती, अंधार आहे का, हे त्या आकड्यात नाही. २०१४ च्या डीएम गाईडमध्ये वेगळं सांगितलंय की पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, जी अडचण आहे ती शत्रूला नसेल, तर लढाई एक पायरी वर धरा. तुमची पार्टी रात्री कमरेएवढ्या पाण्यात आणि मगरी पाण्यातल्याच. ‘हार्ड’ तिथंच ‘डेडली’ झालं.

दुसरं म्हणजे मगरीची पकड. चावली की ग्रॅपल, म्हणजे पकड, आणि त्या ग्रॅपलमध्ये खेळाडू रिस्ट्रेन्ड, म्हणजे जखडलेला. निळाईचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १२ असावा असं धरतो. मगरीला +४, म्हणजे वीसबाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत, ६५ टक्के. एकदा पकडल्यावर दुसऱ्या मगरीला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तिचे ८८ टक्के झाले. चाव्याचं सरासरी नुकसान ७. बारा एचपीला दोन चावे बास. मगरी तीन आणि तिघी एकाच माणसावर गेल्या, तर दुसरा काही निकाल लागणं कठीणच होतं.

महाकाय मगरीचं उलट. चौघांच्या चार टर्नसमोर तिचा एक, आणि तोही जाळं तोडण्यात गेला. म्हणजे दोन राउंड तुम्ही चौघं विरुद्ध कोणीच नाही असं खेळलात. लढाईत एचपीपेक्षा टर्न महाग असतो. एकट्या मॉन्स्टरचा एक टर्न वाया गेला की त्याची सगळी ताकद वाया जाते.

आता यातला खरा धोका. ‘वेब’ चुकलं असतं तर? महाकाय मगरीचा चावा सरासरी २१ आणि जास्तीत जास्त ३५. वर शेपटीचा फटका वेगळा. तुमच्या बहिणीच्या नव्या जादूगाराचे एचपी किती?

विश्रामबाग_डीएम

२०.

आकडेमोड

मग एका चाव्यात आडवी झाली असती. ती लढाई सोपी नव्हतीच. नाणं वर उडवलं होतं, ते तुमच्या बाजूनं पडलं. गाईडमध्येही हा इशारा आहे: ओगरचा सीआर २ असला तरी पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला तो एका फटक्यात मारू शकतो. म्हणून मी सीआरच्या आधी एकच गोष्ट बघतो. या मॉन्स्टरचा सरासरी फटका माझ्या सगळ्यांत नाजूक खेळाडूच्या एचपीपेक्षा मोठा आहे का? असेल तर तो मॉन्स्टर बाजूला ठेवतो, मग एक्सपीची बेरीज काहीही सांगो.

तालमीतला

माझा मुलगा खेळतो म्हणून मी यात आलो. वय पन्नाशीच्या पुढं. आकडे मला जरा उशिरा कळतात, पण जोड लावणं कळतं, कारण तरुणपणी जत्रेच्या मैदानात पुष्कळ जोडी लागताना बघितल्यात आणि पंचांबरोबर बसून काही लावल्यातही.

आमच्याकडं पोरं शेजारी शेजारी उभी करतात. वजन बघतात, उंची बघतात, पण तेवढ्यावर जोड लागत नाही. पोरगं कुठल्या तालमीचं, वस्ताद कोण, सकाळी आणखी कुठं लढून आलंय का, हे विचारतात. आज तिसरी कुस्ती असलेल्या मल्लासमोर ताज्या दमाचा मल्ल दिला तर बघणारे लोकच ओरडतात. तुमच्या खेळातही तसंच आहे ना? नदीवर यायच्या आधी तुमची पार्टी कुठं लढून आली होती का? जादूगाराचे स्पेल शिल्लक होते का?

विश्रामबाग_डीएम

काका, पहिल्या वेळी आधी दोन लढाया झाल्या होत्या, जादूगाराकडं एकच स्पेल उरला होता. दुसऱ्या वेळी सगळे रात्रभर झोपून ताजे होऊन आले होते. हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं.

आकडेमोड

काकांनी वर्मावर बोट ठेवलं. २०१४ च्या गाईडचा सगळा हिशोब एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया होतील असं धरून केलाय. रविवारच्या चार तासांत आपल्या दोन होतात, फार तर तीन. दिवसभरात एकच लढाई असेल तर खेळाडू सगळे स्पेल तिथंच ओततात आणि ‘डेडली’ मॉन्स्टर पालापाचोळ्यासारखा उडतो. २०२४ च्या नव्या गाईडनं मॉन्स्टरच्या संख्येचा गुणाकारच काढून टाकला, लढाईचे तीन स्तर ठेवले. त्या हिशोबानं तुमच्या तीन मगरी दुसऱ्या लेव्हलच्या चौघांना सगळ्यांत खालच्या स्तराच्याही खाली जातात, ३०० विरुद्ध ४००. आणि त्याच मगरींनी निळाई मारली.

मळीवाला

मी भिलवडीकडचा. आमची मळीची जमीन कृष्णेला लागून आहे. मी फक्त मगरीबद्दल बोलतो.

मोटारीचा फूटव्हॉल्व्ह कचऱ्यानं तुंबला की नदीत उतरावं लागतं. उतरण्याआधी आम्ही काठ बघतो. मगर उन्हाला वर येते आणि पोटावर घसरत पाण्यात जाते, त्याची गुळगुळीत पट्टी चिखलात राहते. दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे. पट्टी ओली चमकत असेल तर ती आत्ताच गेलीय, त्या दिवशी मोटार बंद. वाळून भेगा पडल्या असतील तर काठी आपटत उतरायचं, आणि एक माणूस काठावर उभा. उन्हाळ्यात अंड्यांचे दिवस असले तर त्या बाजूला जायचंच नाही, मादी जागा सोडत नाही.

तुझ्या खेळाडूंना ही पट्टी दिसली होती का? नसेल तर मगरीची ताकद कमी केली काय आणि जास्त केली काय, त्यांना ती आभाळातून पडल्यासारखीच वाटणार. नदीकाठच्या माणसाला मगर अचानक भेटते, पण मगर आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.

आणखी एक. मगर तीन-तीन माणसं मारत बसत नाही. एक भक्ष्य धरते आणि खोल पाण्याकडं ओढते. सोबतची माणसं काठ्या-दगड घेऊन धावली, तर कधी कधी सोडूनही देते. तिला पोट भरायचंय. तुझ्या मगरी सूड उगवल्यासारख्या लढल्या.

विश्रामबाग_डीएम

दादा, हे वाचून मी शांत बसलो थोडा वेळ. मी नदीकाठीच वाढलो आणि हे खेळात आणलं नाही.

आकडेमोड

मळीवाले दादांचं म्हणणं नियमात बसवून बघितलं, आणि फारच सुंदर बसतंय. मगरीचा पोहण्याचा वेग ३० फूट. पकडलेलं माणूस ओढताना वेग निम्मा, म्हणजे एका टर्नला १५ फूट. मगरीनं निळाईला धरलं आणि पुन्हा चावण्याऐवजी ओढायला लागली, तर दोन टर्नमध्ये ३० फूट लांब जाते. तेवढ्यात बाकीच्या तिघांना दोन-दोन टर्न मिळतात. कोणी दोरी टाकेल, कोणी पाण्यात उडी घेईल, कोणी मगरीच्या डोळ्यावर बाण सोडेल. निळाई स्वतः सुटायला बघेल, १२ ची अट, चपळाईचा +२ धरला तर ५५ टक्के. मगर तीच, एचपी १९ तेच, चावा तोच. एकही आकडा बदलला नाही, तरी मरणाच्या जागी सुटकेची धावपळ आली.

मिरजेची_रेंजर

मी डीएम नाही, खेळाडू आहे, म्हणून खेळाडूच्या बाजूनं लिहिते. वर कोणी आकडे गुपचूप बदलायचा विषय काढला नाही, पण तो निघणारच.

आमच्या जुन्या ग्रुपमध्ये आम्ही एक ड्रॅगन मारला. माझ्या शेवटच्या बाणानं तो पडला. मी घरी जाताना मिरज स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षा करावीशी वाटली नाही, इतकी खूश होते. सहा महिन्यांनी चहाला भेटलो तेव्हा डीएम सहज बोलून गेला की ड्रॅगनचे एचपी अजून बरेच उरले होते, तुमची दमछाक बघून त्यानं तिथंच संपवला. त्यानं प्रेमानं केलं होतं, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मला तो बाण आठवला की आधी तो चहा आठवतो. त्यानंतर त्या टेबलवर मी फासा टाकायचे तेव्हा मनात यायचं, याला काही अर्थ आहे का?

म्हणून विनंती, लढाई सुरू व्हायच्या आधी हवं ते बदला. फासे पडायला लागल्यावर हात लावू नका.

तालमीतला

पोरी, याला आमच्याकडं नुरा कुस्ती म्हणतात. बघणाऱ्याला कळत नाही, पण लढणाऱ्या दोघांतल्या एकाला तरी ठाऊक असतं. जिंकलेल्या गड्याला नंतर कळलं तर त्याला हरल्यापेक्षा जास्त लागतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

पलूसची_आई

मला थोडं वेगळं वाटतं. मी माझ्या दोन मुलांना आणि त्यांच्या मित्रांना खेळवते, सगळी दहा-अकरा वर्षांची. पहिल्याच दिवशी गॉब्लिनच्या क्रिटिकलनं एका मुलाचं कॅरेक्टर मरणार होतं. मी पडद्याआड फासा बदलून सांगितला. तो मुलगा आजही खेळतो. त्या दिवशी मेला असता तर आला नसता, याची मला खात्री आहे. पहिल्या लेव्हलला एचपी इतके थोडे असतात की एक फासाच सगळं ठरवतो. त्याला मी जोड म्हणत नाही.

मिरजेची_रेंजर

ताई, दहा वर्षांच्या मुलासाठी मीही कदाचित तेच केलं असतं. पण मग आधीच उघड सांगता येईल ना? ‘पहिल्या दोन लेव्हलला कोणी मरणार नाही, शून्यावर आलं तर बेशुद्ध पडेल आणि काहीतरी गमावेल.’ सगळ्यांसमोर ठरलेला नियम असला की तो लपवावा लागत नाही.

पलूसची_आई

हे चांगलं आहे. पुढच्या वेळी तसंच सांगून सुरू करेन. त्या दिवशी सुचलं नव्हतं.

सातारी_गडी

राजवाड्याजवळ आमचा ग्रुप आहे, आम्ही पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळतो, २०१९ ची. तिथं चौघांसाठी मध्यम लढाई ८० एक्सपी, तीव्र १२०, आणि पार्टीच्याच लेव्हलचा मॉन्स्टर ४० ला पडतो. आमच्या टेबलवर तो हिशोब पुष्कळदा खरा ठरतो. खेळ बदलायला सांगत नाही, पण तिथली एक सवय घ्या: मॉन्स्टर मोजताना नेहमी पार्टीच्या लेव्हलच्या वर किती, खाली किती, असं मोजायचं. लेव्हलच्या चार पायऱ्या वरचा एकटा मॉन्स्टर म्हणजे १६०, पार्टी संपू शकते.

जुन्या पुस्तकांतली आणखी एक चीज मी अजून वापरतो. १९८१ च्या बेसिक नियमांत मॉन्स्टरला हिमतीचा आकडा असायचा. पहिला मेला की, आणि निम्मे पडले की, दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे. आकड्याच्या वर गेलं की मॉन्स्टर पळणार. यानं लढाई लांबत नाही आणि ‘शेवटचा एचपी उरेपर्यंत झुंजणारा लांडगा’ हा प्रकार बंद होतो.

आकडेमोड

विश्रामबाग, तुमच्या मोठ्या मगरीसाठी एक ठोस सुचवतो. महाकाय मगरीचे आकडे फेकून द्या. ओगरचे आकडे घ्या आणि वरून मगरीचं कातडं चढवा. एचपी ५९, एसी ११, +६, नुकसान दोन आठबाजूंचे फासे अधिक ४. सरासरी १३, जास्तीत जास्त २०. क्रिटिकल पडला नाही तर बहिणीची जादूगार सरासरी चाव्यात उभी राहते आणि सगळ्यांत वाईट चाव्यात नेमकी शून्यावर येते, तिथून सोबती उठवू शकतात. सोबत दोन साध्या मगरी. ४५० अधिक २००, तीन मॉन्स्टर म्हणून दुप्पट, १३००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना ‘हार्ड’ ९०० आणि ‘डेडली’ १६००, त्यांच्या मधोमध. आणि ‘वेब’ मोठीवर पडलं तरी लहान दोघी मोकळ्या राहतात.

‘वेब’ला तोड काढत बसू नका मात्र. पोरीनं डोकं लावून खांब शोधले होते.

विश्रामबाग_डीएम

काल खेळलो. सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच सांगितलं की फासे सगळ्यांसमोर पडतील, माझेसुद्धा. पडदा काढून टाकला. मग नदीकाठ. मी मगर म्हटलंच नाही. चिखलात गुळगुळीत पट्टी आहे, दोन हात रुंद, ओली, उन्हात चमकतेय, एवढंच सांगितलं. आमच्या फायटरनं विचारलं, होडी ओढलीय का इथून? बहीण म्हणाली, होडीला पंजे नसतात. पाच मिनिटं कोणी फासाच उचलला नाही, नुसती चर्चा. शेवटी त्यांनी दोरी दोन झाडांना बांधली आणि एक माणूस काठावर ठेवला. मळीवाले दादा, हे मी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनी केलं.

ओगरच्या आकड्यांची मगर आली. तिनं रोगला (ग्रुपमधल्या चोराच्या कॅरेक्टरला) धरलं, १४ नुकसान, आणि ओढायला लागली. टर्नला १५ फूट. मी नकाशावर मणी सरकवला तशी चौघंही टेबलावर वाकली. पहिल्या टर्नला रोग सुटला नाही. फायटर दोरीला धरून पाण्यात शिरला. बहिणीनं या वेळी ‘वेब’ वापरलं नाही, पाण्यात बांधायला काही नाही म्हणाली, मॅजिक मिसाईल टाकलं. लहान मगरींतली एक मेली तेव्हा सातारी दादांच्या पद्धतीनं हिमतीचा फासा टाकला, दुसरी पळाली. मोठीचे एचपी २२ उरले असताना तिनं रोगला सोडलं आणि बुडी मारली. क्लेरिक ओरडला, मारू या तिला! बाकीचे नको म्हणाले. रोग ३ एचपीवर काठावर आला.

मेलं कोणी नाही, पण मरू शकलं असतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. ती मगर आता नदीत आहे, गावाला तिच्यासोबत राहायचंय, पुढच्या तीन सेशनचा विषय मिळाला. काका, कुस्ती बरोबरीत सुटली म्हणायची.

आता पुढचं. लवकरच सगळे चौथ्या लेव्हलला जातील. डोंगरात एक ट्रोल ठेवायचाय, सीआर ५, एचपी ८४. एक्सपी १८००, चौघांना ‘हार्ड’च्या वर, ‘डेडली’च्या खाली. पण दर टर्नला त्याचे १० एचपी भरून येतात, आग किंवा अ‍ॅसिड लागलं तर फक्त पुढच्या टर्नला येत नाहीत. आगीचं माहीत नसेल तर हेच गणित पुन्हा कोसळणार. गावातल्या म्हातारीनं आधी सांगून टाकलं तर चालेल का?

मळीवाला

म्हातारीनं सांगू नये. तिच्या जळालेल्या गोठ्यात ने त्यांना. तुळईवर राक्षसाचं तुटलेलं बोट चिकटलेलं असू दे, कोळसा झालेलं. आणि गोठ्याबाहेर, जिथं आग पोचली नाही, तिथं दुसरं बोट गवतात पडलेलं. ते अजून वळवळतंय.

विश्रामबाग_डीएम

घेतलं. रविवारी सांगतो.